उत्तरदाता क्रमांक सत्तावीस

सड्यावरच्या विद्यापीठाला पन्नास वर्षं झाली.
पत्रिका माझ्याच दुकानात छापली,
जाड कागद, कडेला सोनेरी रेघ,
आणि पाकिटावर, नावाच्या जागी: समस्त ग्रामस्थ.
आमचं शहर होऊनही वीस वर्षं झाली,
नगरपरिषद आहे, सिग्नल आहे, तो बंद असतो,
पण वरून बघताना आम्ही
अजून ग्रामस्थच दिसत असू.

मी बाइंडर. गेटसमोर, एसटीच्या थांब्याला लागून.
एकोणतीस वर्षं प्रबंधांना काळं रेक्झिन चढवतोय.
खळ सुकेपर्यंत पानं चाळायची सवय,
त्यामुळे मला बरंच काही माहीत आहे:
खाडीची क्षारता, महिन्यागणिक,
आमच्या बाजारातल्या बांगड्याचं सरासरी वजन,
आमच्या बोलीत नाकातून किती जातं तेसुद्धा.
गाव वर चढलं ते असं, तक्त्यांतून.
विद्यापीठ खाली उतरायचं संध्याकाळी,
चपला फटफटवत, खोली आणि उधारी मागत.
मे महिन्यात ते आपापल्या घरी गेलं
की सायकलवाला दुपारभर झोपायचा.

नाझनीन मुकादमचा प्रबंध आला त्या दिवशी वीज नव्हती.
खिडकीशी धरून वाचला.
तिसऱ्या गोळा करणाऱ्या स्त्रियांचे पारंपरिक ज्ञान.
पान एकशे बारा, तक्ता चार पूर्णांक तीन.
उत्तरदाता क्र. २७. वय ४४. शिक्षण: निरंक.
ओहोटीतील कामाचे तास: ५.
स्थाननिश्चितीची पद्धत: स्पर्शाधारित.

ही माझी आई.

ती पोरगी महिनाभर आमच्या ओट्यावर यायची.
विचारायची, मावशी, चिखलात तिसरी कुठे आहे
ते कळतं कसं?
आई म्हणायची, "पायाक समाजता."
ती पुन्हा विचारायची. आई पुन्हा तेच.
शेवटी तिनं वही पिशवीत कोंबली,
सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली
आणि उतरली.
हे प्रबंधात नाही.

ऋणनिर्देशात मार्गदर्शक होते, ग्रंथपाल होते,
टंकलेखक, अल्ला, आणि "सर्व उत्तरदात्या".
चूक कुणाचीच नव्हती. नाव गुप्त ठेवायचा नियम असतो,
हे तिनंच मला समजावलं, पैसे मोजताना,
आणि आईसाठी नानकटाईचा पुडा ठेवून गेली.

मी एकच केलं.
ग्रंथालयाच्या प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्यावर,
अस्तराचा कागद चिकटवायच्या आधी,
पेन्सिलीनं लिहिलं: द्वारका भिवा गिरप.
वरून खळ फिरवली.

काल प्रदर्शन मांडायला वर गेलो होतो.
काचेच्या पेटीत, निवडक संशोधन म्हणून,
सोनेरी अक्षरं वर करून तो ठेवलाय.
आमची हवा दमट. अस्तर
मागच्या एका कोपऱ्यात सुटू लागलंय.
खळीत मोरचूद कमी पडला असणार.
नखानं दाबून बसवायला गेलो,
धंद्याची सवय,
आणि हात मागे घेतला.

रात्री आईला विचारलं, येतेस ना उद्या अकराला?
मंत्री आहेत, मुलं नाचणार आहेत.
तिनं पत्रिका उलटसुलट केली,
सोनेरी रेघेवरून अंगठा फिरवला.
"उद्या अष्टमी," म्हणाली. "अकराक सुकती.
भाषणां काय, भरतीत पण होतत."

मग उठली. फळीवरचा मिठाचा डबा
कित्येक वर्षं डुगडुगत होता,
त्याच्याखाली पत्रिका घडी करून सारली,
हलवून बघितला. हलला नाही.

दिवा मालवताना अंधारातून विचारलंन,
"ती मुकादमाची पोरगी येतली काय रे?"
येईलही. मोठी बाई झालीय आता.
"इली तर तिका खाली धाड,
चपला काडून."